मध्यस्थाचे आसन

१

‘राष्ट्राला जाणून घ्यायचे आहे’ अशा आशयाचे एक इंग्रजी वाक्य भारतीय दूरचित्रवाणीवर इतक्या वेळा उच्चारले गेले की, ती एका व्यक्तीच्या बोलण्याची लकब न राहता एका वादपद्धतीचे बोधवाक्य होऊन बसली. अर्णब गोस्वामी यांच्या नावाशी हे वाक्य कायमचे जोडले गेले आहे. वरवर पाहता ते साधे आहे. परंतु त्याची घडण तपासली की त्यातील तीन भूमिका वेगळ्या काढता येतात. वाक्यातील जिज्ञासू राष्ट्र आहे, परंतु ते तेथे उपस्थित नाही. उच्चार करणारा सूत्रसंचालक आहे, परंतु प्रश्न आपला असल्याचे तो म्हणत नाही. आणि ज्याला उद्देशून प्रश्न विचारला जातो, तो पाहुणा उत्तर देण्याच्या आधीच राष्ट्राच्या बाहेर उभा केला जातो. कारण जाणून घेऊ इच्छिणारे राष्ट्र एका बाजूस आणि उत्तर देणे लागणारा दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी त्या वाक्यातच झालेली असते.

हे अनुपस्थित राष्ट्र कोठे राहते, असा प्रश्न विचारल्यास त्याचे एक उत्तर ‘चिखलीत’ असे देता येईल. चिखली हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. भोवतालचा प्रदेश सोयाबीन आणि कापूस पिकवणारा. रात्री नऊच्या सुमारास दिल्ली-मुंबईच्या स्टुडिओत ज्या चर्चा रंगतात, त्या अशा शेकडो गावांतील घरांतून पाहिल्या जातात, आणि अशा गावांच्या वतीनेच त्या रंगवल्या जात असल्याचा दावा केला जातो. म्हणून या वादपद्धतीची चिकित्सा करताना स्टुडिओतल्या आवाजाबरोबरच ज्याच्या नावाने तो आवाज काढला जातो, त्या श्रोत्याचे स्थान ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न नैतिक आहे. परंपरेचा आणि राष्ट्राचा कैवार घेणारा आक्रमक वादपटू जेव्हा स्वतःच चर्चेचा नियंता होतो, तेव्हा त्याच्यावर कोणते बंधन येते? या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आरंभीच बाजूला सारली पाहिजेत. पहिले उत्तर सभ्यतेचे : आवाज चढवू नये, कठोर बोलू नये. दुसरे उत्तर पक्षाचे : परंपरावादी भूमिकाच मुळात त्याज्य आहे. पहिले मान्य केले तर मराठीतील अर्धे उत्तम वैचारिक गद्य निकालात काढावे लागेल. दुसरे मान्य केले तर वाद करण्याचे कारणच उरत नाही. दोष असलाच तर तो अन्यत्र शोधावा लागेल.

२

गोस्वामी यांचा जन्म १९७३ सालचा, गुवाहाटीचा. दिल्लीत पदवी आणि ऑक्सफर्ड येथे सामाजिक मानवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर त्यांनी कोलकात्याच्या ‘द टेलिग्राफ’मध्ये अल्पकाळ काम केले आणि १९९५ साली ते एनडीटीव्हीत दाखल झाले. तेथील सुमारे दशकभराच्या काळात त्यांची शैली पुढे प्रसिद्ध झालेल्या शैलीसारखी नव्हती. २००६ साली मुंबईहून ‘टाइम्स नाऊ’ ही वाहिनी सुरू झाली. तिचे संपादकत्व आणि ‘न्यूजअवर’ हा रात्रीचा चर्चेचा कार्यक्रम यांतून त्यांचे आजचे रूप घडले. २००८ सालचा मुंबईवरील हल्ला, २०१० सालच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांतील गैरव्यवहार, दूरसंचार परवान्यांचे प्रकरण, २०११ सालचे अण्णा हजारे यांचे आंदोलन हे सगळे या कार्यक्रमाच्या वाढीचे टप्पे होत. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी घेतलेली राहुल गांधी यांची प्रदीर्घ मुलाखत त्या वर्षीच्या निवडणुकीच्या चर्चेचा भाग बनली.

या पहिल्या पर्वाचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. सत्ताधाऱ्यांना आणि सत्ताधाऱ्यांच्या आतल्या गोटात वावरणाऱ्या पत्रकारांना परस्परांची जी सवय झालेली होती, ती या कार्यक्रमाने मोडली. मंत्र्याने प्रश्न टाळला की तो पुन्हा विचारायचा, आणि टाळल्याचे प्रेक्षकांना दाखवून द्यायचे, हा प्रकार त्या काळी अनेकांना मोकळा श्वास घेतल्यासारखा वाटला. इंग्रजी संभाषणाच्या शिष्टाचाराआड दडलेली उत्तरदायित्वाची चुकवाचुकवी उघडी पडत होती.

नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी ‘टाइम्स नाऊ’ सोडली आणि ६ मे २०१७ रोजी ‘रिपब्लिक’ ही स्वतःची वाहिनी मुंबईहूनच सुरू केली. २०१९ साली तिची हिंदी भगिनी निघाली. या दुसऱ्या पर्वात भूमिकेचा रोख स्पष्ट झाला. राष्ट्रवाद, सैन्य, धर्मपरंपरेचा सन्मान हे विषय केंद्रस्थानी आले. विरोधी पक्ष, डावे विचारवंत, विद्यापीठांतील असंतुष्ट विद्यार्थी हे नित्याचे प्रतिपक्ष झाले. पत्रकाराने तटस्थ असले पाहिजे ही कल्पनाच गोस्वामी यांना मान्य नाही, आणि तसे त्यांनी उघडपणे सांगितले आहे. त्यांच्यावर ढोंगीपणाचा आरोप सहज करता येत नाही तो यामुळे.

शैलीचा विचार करता दोन्ही पर्वांत एक सातत्य आढळते. पडदा अनेक खिडक्यांत विभागलेला असतो. प्रत्येक खिडकीत एकेक चर्चक असतो. मधली किंवा मोठी खिडकी सूत्रसंचालकाची असते. विषय प्रश्नाच्या रूपात मांडला जातो, पण त्याचे उत्तर पडद्यावरच्या ठळक पट्टीत आधीच लिहिलेले असते. कोणी बोलावे, किती बोलावे, कोणाचा आवाज बारीक करावा आणि शेवटी कोणाचे खोटे ठरले हे एकच व्यक्ती ठरवते. चर्चेसाठी बोलावलेला माणूस दोन वाक्ये बोलतो, तिसऱ्या वाक्याच्या मध्यावर त्याला थांबवले जाते, आणि ते अपुरे वाक्य हीच त्याची भूमिका म्हणून नोंदली जाते.

३

अशा चर्चेला ‘वाद’ म्हणावे काय, याचा निर्णय करण्यासाठी परदेशी संकल्पनांकडे धाव घेण्याचे कारण नाही. जी परंपरा जपण्याचा दावा केला जातो, तिच्यातच यासाठी सूक्ष्म परिभाषा तयार आहे. न्यायसूत्रांनी कथेचे, म्हणजे दोन पक्षांतील शास्त्रीय संभाषणाचे, तीन प्रकार सांगितले. वादात दोन्ही पक्ष प्रमाणे आणि तर्क यांच्या आधारे तत्त्वनिर्णयाकडे जातात. जल्पात जिंकणे हे प्रयोजन असते आणि त्यासाठी छल, जाती यांसारखी फसवी साधनेही वापरली जातात. वितंडेत वादपटू स्वतःचा पक्ष स्थापनच करीत नाही. समोरच्याचे खंडन एवढेच त्याचे काम. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द निंदाव्यंजक झाला असला, तरी सूत्रकारांनी जल्प-वितंडांना सरसकट निषिद्ध ठरवले नाही. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे तसा त्यांचा उपयोग निश्चित झालेल्या तत्त्वाच्या रक्षणासाठी करता येतो, अशी मुभा तेथे दिलेली आहे. आक्रमकतेला परंपरेने जागा दिली ती अशी. मात्र कुंपण कशाभोवती आहे, आत रोप आहे की नाही, हा प्रश्न त्या मुभेतच गृहीत आहे.

याच शास्त्रात पराभवाची बावीस स्थाने सांगितली आहेत. त्यांतील एक प्रस्तुत संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे : अननुभाषण. प्रतिपक्षाने आपले म्हणणे तीनदा मांडले, सभेला ते समजले, आणि तरीही ज्याला ते आपल्या तोंडाने पुन्हा सांगता आले नाही, तो हरला. प्रतिपक्षाच्या म्हणण्याचा अनुवाद करता येणे ही खंडनाची पूर्वअट मानलेली आहे. पूर्वपक्ष शक्य तितक्या बळकट रूपात मांडून मगच त्याचे निरसन करण्याची भारतीय भाष्यकारांची रीत याच भूमिकेतून आलेली दिसते. अप्रतिभा, म्हणजे उत्तर न सुचणे, हेही पराभवस्थान आहे. परंतु उत्तर न सुचणे आणि उत्तराचा आवाज बंद होणे यांत भेद करण्याची वेळ प्राचीन नैयायिकांवर आली नव्हती. स्टुडिओतील यंत्रणेने तो भेद पुसून टाकला. प्रेक्षकाला दोहोंचा परिणाम एकच दिसतो : हलणारे ओठ आणि न मिळालेले उत्तर.

याहून निर्णायक विचार बाराव्या शतकातील जैन तार्किक वादी देवसूरी यांच्या ‘प्रमाणनयतत्त्वालोक’ या ग्रंथात सापडतो. तेथे वादाला चार अंगे सांगितली आहेत : वादी, प्रतिवादी, सभ्य आणि सभापती. सभ्य म्हणजे परीक्षक. ते दोन्ही पक्षांचे सिद्धान्त जाणणारे आणि दोन्ही पक्षांना मान्य असे असावेत. सभापतीच्या अंगी प्रज्ञा, आज्ञा करण्याचा अधिकार आणि ऐश्वर्य असावे. पण त्यांच्याच जोडीला क्षमा आणि माध्यस्थ्य असावे. ही गुणयादी सहज केलेली नाही. ज्याच्या हाती सभेत कोणाला गप्प करण्याची सत्ता आहे, त्याच्या ठिकाणी क्षमा आणि मध्यस्थवृत्ती नसेल तर ती सत्ता वादाचाच नाश करील, हे त्यामागील तत्त्व आहे. वादी तापट असला तरी चालते, किंबहुना तो तसा असणारच, असे गृहीत धरल्यामुळे बंधन सभापतीवर घातले आहे.

दूरचित्रवाणीवरील या वादपद्धतीचा दोष येथे नेमका दाखवता येतो. सूत्रसंचालक वादी असतो. पाहुण्यांची निवड करताना आणि निर्णय सांगताना तो सभ्य होतो. आवाज आणि वेळ यांचे नियंत्रण करताना तो सभापती होतो. चारांपैकी तीन अंगे एका देहात एकवटतात आणि चौथे, प्रतिवादी, एका लहानशा चौकटीत उरते. आज्ञा आणि ऐश्वर्य पूर्ण शिल्लक राहते. क्षमा आणि माध्यस्थ्य मात्र ‘तटस्थता हे ढोंग आहे’ या एका वाक्याने रद्द केले जाते. तटस्थता हे ढोंग असू शकते. परंतु वादी म्हणून तटस्थ न राहण्याचा अधिकार निराळा आणि सभापती म्हणून तटस्थ न राहण्याचा अधिकार निराळा. पहिला प्रत्येकाला आहे. दुसरा कोणालाच नाही.

४

मराठी भाषिक समाजाला आक्रमक परंपराभिमानी वादपटू नवे नाहीत. उलट, आधुनिक मराठी वैचारिक गद्याचा आरंभच काही अंशी त्यांच्यापासून होतो. त्यांपैकी दोघांची उदाहरणे वरील भेद स्पष्ट करण्यास उपयोगी आहेत.

विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–१८७१) हे पूर्वाश्रमीचे विष्णु भिकाजी गोखले. तरुणपणी सरकारी नोकरी सोडून त्यांनी वैराग्य पत्करले, आणि १८५६ साली मुंबईत येऊन वैदिक धर्माच्या समर्थनार्थ व्याख्याने सुरू केली. १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर आठवड्याला ख्रिस्ती मिशनऱ्यांशी त्यांचे जाहीर वादविवाद झाले. श्रोत्यांची गर्दी होई. प्रश्न तिखट असत, उत्तरे त्याहून तिखट. त्या काळाचा हा लोकप्रिय चर्चेचा कार्यक्रमच होता असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही. या वादांचा इंग्रजी वृत्तान्त त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला तो बुवांच्या अनुयायांनी नव्हे. तो जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने, म्हणजे प्रत्यक्ष प्रतिपक्षाने, केला. बुवांच्या बाजूचे मराठी पुस्तक पुढे त्यांच्या मृत्यूनंतर निघाले.

प्रतिपक्षाने लिहिलेला वृत्तान्त पूर्ण निःपक्षपाती असेल असे मानण्याचे कारण नाही. तरीही त्यात बुवांचे आक्षेप आहेत, कारण ते वगळले असते तर बोवेन यांना उत्तर कशाला द्यायचे हाच प्रश्न पडला असता. किनारा कोणाच्याही मालकीचा नव्हता. बुवांचा आवाज मोठा असेल. परंतु मिशनऱ्याचा आवाज बंद करण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते, आणि मिशनऱ्यापाशी राज्यकर्त्यांचा धर्म असूनही बुवांचा आवाज बंद करण्याचे साधन त्या वाळूवर त्याच्याही जवळ नव्हते. त्यामुळे जल्पाच्या आवेशात सुरू झालेल्या कथेलाही वादाचे काही नियम आपोआप लागू झाले. पुढे १८६७ साली याच परंपरारक्षकाने ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहून सर्व प्रजा एक कुटुंब मानणारी, उत्पन्न सामायिक असणारी राज्यव्यवस्था कल्पिली. परंपरेचा कैवार आणि विचाराचे स्वातंत्र्य एकाच माणसात नांदू शकतात, याचा हा पुरावा मराठी वाचकाला परका वाटू नये.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे, कारण त्यात समर्थन आणि दोष एकत्र आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२) यांनी १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ सुरू केली; तिचे ८४ अंक निघाले. १८७९ साली सरकारी नोकरी सोडून त्यांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांच्या स्थापनेत पुढाकार घेतला. बत्तिसाव्या वर्षी मृत्यू आलेल्या या माणसाने मराठी गद्याला जी धार दिली, ती लोकहितवादींपासून दयानंद सरस्वतींपर्यंत अनेकांनी अनुभवली. ‘निबंधमाला’ हे संपूर्णपणे एका माणसाचे व्यासपीठ होते. तेथे निर्णय आधीच झालेला असे, उपहास हे मुख्य शस्त्र होते, आणि प्रतिपक्षाला उत्तर देण्यास जागा नव्हती.

मग ‘निबंधमाला’ आणि रात्री नऊची चर्चा यांत फरक कोणता? फरक प्रतिपक्षाच्या स्थानाचा आहे. विष्णुशास्त्र्यांनी लोकहितवादींना आपल्या पानांवर बोलावून मध्येच गप्प केले नाही. लोकहितवादींची पत्रे अन्यत्र, संपूर्ण, छापलेली होती. वाचक ती आणि त्यांवरील टीका एकाच मेजावर ठेवून तपासू शकत होता. लेखक वादी होता आणि आपण वादी आहोत हे त्याच्या प्रत्येक वाक्यावर लिहिलेले होते. सभ्य आणि सभापती ही आसने त्याने वाचकासाठी मोकळी सोडली होती, किंवा निदान त्यांवर बसण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. पडद्यावरील चर्चेत प्रतिपक्ष प्रत्यक्ष हजर असतो, आणि त्याची हजेरी हाच वाद झाल्याचा पुरावा म्हणून वापरली जातो. ‘त्याला बोलावले होते, त्याला उत्तर देता आले नाही’ असे प्रेक्षक म्हणू शकतो. गैरहजर प्रतिपक्षावरील टीकेपेक्षा हजर प्रतिपक्षाची ही अवस्था अधिक अन्यायाची आहे, कारण तीत त्याची संमती गृहीत धरलेली असते.

तथापि विष्णुशास्त्र्यांना येथे निर्दोष ठरवून चालणार नाही. जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी भाषेच्या अशुद्धतेवर, व्याकरणाच्या चुकांवर जो भर दिला, तो परंपरेच्याच परिभाषेत अर्थान्तर या पराभवस्थानात मोडतो. ‘गुलामगिरी’ (१८७३) सारख्या ग्रंथाचा प्रश्न शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा होता. त्याला विभक्तिप्रत्ययांची चर्चा हे उत्तर नव्हते. प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या तोंडाने पूर्ण सांगून मग त्याचे खंडन करणे येथे घडले नाही. काळाने दिलेला निकाल सर्वांसमोर आहे : उपहासाची चमक वाङ्मयेतिहासात राहिली, आणि ज्या प्रश्नाचा उपहास झाला तो प्रश्न समाजाच्या मध्यभागी येऊन बसला. आक्रमक वादपटू प्रतिपक्षाचा आवाज काही काळ दाबू शकतो. त्याचा प्रश्न निकालात काढायचा असेल तर तो आधी ऐकावाच लागतो.

५

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. माध्यमाचा स्वभावच असा आहे. दूरचित्रवाणीला दृश्य हवे, संघर्ष हवा. व्यक्तीला दोष देणे व्यर्थ आहे. हा आक्षेप अर्धा खरा आहे. अमेरिकेत मॉर्टन डाउनी (धाकटे) यांनी १९८७ ते १९८९ या काळात असाच एक कार्यक्रम चालवला. पाहुण्यांवर ओरडणे, त्यांच्या तोंडावर सिगारेटचा धूर सोडणे, आरोळ्या ठोकणारा प्रेक्षकवर्ग हे त्याचे विशेष होते. कार्यक्रम जितक्या वेगाने गाजला तितक्याच वेगाने संपला. पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासल्यावर त्याच डाउनी यांनी धूम्रपानाविरुद्ध प्रचार केला. २००१ साली त्यांचे निधन झाले. माध्यमाची ओढ कोठे नेते, याचे हे उदाहरण आहे.

परंतु त्याच देशात, त्याच माध्यमात, विल्यम बकली यांनी १९६६ ते १९९९ अशी तेहतीस वर्षे ‘फायरिंग लाइन’ हा कार्यक्रम चालवला. बकली कट्टर परंपरावादी होते आणि त्यांची जीभ धारदार होती. १९६५ साली केंब्रिजच्या विद्यार्थिसभेत जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाविरुद्ध ते वादास उभे राहिले आणि ५४४ विरुद्ध १६४ अशा मतांनी हरले. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा अशा पराभवानंतर एखाद्याने फक्त दुबळे प्रतिपक्ष निवडले असते तर नवल नव्हते. बकलींच्या समोर मात्र वर्षानुवर्षे त्यांच्या विचारांचे कडवे विरोधक बसले, आणि बसून आपली वाक्ये पूर्ण करीत राहिले. काही काळ तर स्वतंत्र परीक्षकाचीही तेथे योजना होती. बकलींची मते चूक की बरोबर हा येथे प्रश्न नाही. केंब्रिजमध्ये ते ज्या बाजूने बोलले ती बाजू आज कोणी सहज उचलून धरणार नाही. माध्यम तेच असताना आसनांची विभागणी वेगळी करता येते, एवढेच या उदाहरणाने सिद्ध होते. जे करता येते आणि केले जात नाही, त्याची जबाबदारी माध्यमावर ढकलता येत नाही.

परंपरावादाच्या दृष्टीने यातून एक अधिक गंभीर निष्कर्ष निघतो. परंपरा राखणे म्हणजे केवळ प्रतीके, उत्सव आणि पूर्वजांची नावे राखणे नव्हे. संयमाच्या ज्या रीती पिढ्यानुपिढ्या घडवल्या गेल्या, त्या राखणे हा परंपरावादाचा गाभा आहे. पूर्वपक्षाची रीत ही अशीच एक कष्टाने घडवलेली रीत आहे. तिचा रोज रात्री भंग करून परंपरेचे रक्षण होते असे म्हणणे म्हणजे रोप उपटून कुंपण मजबूत केल्यासारखे आहे.

६

२०२० हे वर्ष या कारकिर्दीच्या नैतिक अर्थाच्या दृष्टीने सर्वांत बोलके ठरले. सुशांतसिंह राजपूत या अभिनेत्याच्या जूनमधील मृत्यूनंतर काही वाहिन्यांनी एका अभिनेत्रीला रोज रात्री आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी दिलेल्या निर्णयात ‘रिपब्लिक’ आणि ‘टाइम्स नाऊ’ यांचे काही वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारे असल्याचे मत नोंदवले. मात्र कारवाईचा मार्ग न्यायालयाने स्वीकारला नाही. २०२५ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने त्या प्रकरणाचा तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला. तोपर्यंत निकाल केव्हाच लागून गेलेला होता, पण तो कोणत्याही न्यायालयाने दिलेला नव्हता.

त्याच वर्षी ४ नोव्हेंबर रोजी खुद्द गोस्वामी यांना २०१८ सालच्या एका आत्महत्या प्रकरणात रायगड पोलिसांनी अटक केली. आरोप त्यांनी नाकारले. ९ नोव्हेंबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम जामीन नाकारला. ११ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मंजूर केला. त्या महिन्याच्या अखेरीस दिलेल्या कारणमीमांसेत नागरिकाचे स्वातंत्र्य एका दिवसासाठीही अकारण हिरावले जाऊ नये, आणि ते जपणे हे कनिष्ठ न्यायालयांपासून सर्वांचे कर्तव्य आहे, अशा आशयाचे विवेचन आहे. हा निर्णय योग्य होता, आणि त्यांच्या विरोधकांनीही त्याचे स्वागत करावयास हवे होते. कारण तेथे चारही अंगे आपापल्या जागी होती. वादी बोलला, प्रतिवादी बोलला, दोघांचीही वाक्ये पूर्ण झाली, आणि आज्ञा करण्याचा अधिकार असलेल्याने तो अधिकार मध्यस्थवृत्तीने वापरला. ज्या व्यवस्थेचा लाभ त्या दिवशी एका सूत्रसंचालकाला झाला, तीच व्यवस्था त्याच्या स्टुडिओत रोज रात्री पाहुण्यांना नाकारली जात होती. यात काव्यगत न्याय शोधून सुख मानण्यासारखे काही नाही. प्रत्येकाला केव्हा ना केव्हा आपले वाक्य पूर्ण करू देणारा मध्यस्थ लागतो, एवढे साधे सत्य या घटनेने समोर आणले.

आता चिखलीकडे परत येता येईल. राष्ट्राला काय जाणून घ्यायचे आहे, हे चिखलीतून विचारले तर कोणते प्रश्न येतील? खामगावपर्यंत कापसासाठी रेल्वेची शाखा १८७० साली आली. खामगावाहून चिखलीमार्गे जालन्यापर्यंत लोहमार्ग व्हावा ही मागणी ब्रिटिश काळापासून चालत आली आहे. तो मार्ग का झाला नाही, असा एक प्रश्न येईल. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहांत बुलढाणा होता. त्यानंतरही ही मालिका का थांबली नाही, असा दुसरा प्रश्न येईल. सोयाबीनचा भाव पेरणीच्या वेळी आणि काढणीच्या वेळी वेगळा का असतो, हा तिसरा.

या प्रश्नांचे वैशिष्ट्य असे की, त्यांच्यासमोर खिडकीत बसवण्यासारखा खलपुरुष सापडत नाही. त्यांची उत्तरे अनेक सरकारे, अनेक खाती, अनेक दशके यांच्यात विखुरलेली आहेत. त्यांवर जल्प होऊ शकत नाही, कारण जिंकायचे कोणाविरुद्ध हेच ठरत नाही. त्यांवर फक्त वाद होऊ शकतो : सावकाश, प्रमाणांसह, समोरच्याचे म्हणणे पुन्हा सांगत. ज्या वादपद्धतीने प्रतिपक्षाला ऐकण्याची सवय मोडली, तिने अशा प्रश्नांना ऐकण्याची शक्तीही गमावली. प्रतिवादीवर झालेला अन्याय पडद्यावर सर्वांना दिसतो. श्रोत्यावर झालेला अन्याय दिसत नाही, कारण राष्ट्र म्हणून त्याचे नाव प्रत्येक वाक्याच्या आरंभी घेतलेले असते.

देवसूरींच्या चतुरंगात श्रोत्यांचा वेगळा उल्लेख नाही, परंतु सभ्य आणि सभापती यांची योजना सभेसाठीच असते. मध्यस्थाचे आसन रिकामे ठेवले तर ते एक दिवस चिखलीतला प्रेक्षक व्यापू शकेल. तो प्रश्न स्वतः विचारील, त्याच्या वतीने कोणी विचारावा लागणार नाही. आज त्या आसनावर वादीच बसलेला असल्यामुळे त्याला उभ्यानेच पाहावे लागते.